माऊन : उसनी देग आणि आपली नमाज

परमकृपाळू, परमदयाळू अल्लाहच्या नावाने.



सूरह अल-माऊन ही पवित्र कुरआनची 107 वी सूरह. अवघ्या सात आयतींची. आपल्यापैकी बहुतेकांना ती लहानपणीच पाठ झालेली असते. भोर तालुक्यातील आंबवडे येथे एका मगरिबच्या नमाजेत मी ती पठण केली. सलाम फिरवून, दुआ आटोपून मी उठलो आणि त्याच सूरहच्या शेवटच्या शब्दाने माझी परीक्षा घेतली. त्या परीक्षेत मी प्रथम अनुत्तीर्ण झालो, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

जमातीतील एक वयस्कर गृहस्थ थांबले होते. मुलाचा निकाह ठरला होता आणि वलीमा घरच्या अंगणातच करायचा होता. हॉल नाही, केटरर नाही. कर्ज तर मुळीच नाही. तांदूळ स्वतःच्या शेतातला, स्वयंपाक करायला भाऊबंद आणि घरच्या स्त्रिया. पण अडीचशे माणसांचे जेवण म्हणजे पंचवीस-तीस किलो तांदूळ आला. एवढी बिर्याणी एका भांड्यात दमावर नीट बसत नाही. तीन देगी हव्यात, त्यांची जड झाकणे हवीत, लांब दांड्यांचे झारे, तांदूळ निथळण्यासाठी मोठ्या चाळण्या, पराती, पाण्याची पिंपे आणि पंगतीसाठी दस्तरखान हवेत. तालुक्याच्या गावी ही भांडी भाड्याने मिळतात. परंतु लग्नसराईमुळे ती आधीच इतरत्र गेली होती. ते मला म्हणाले, “मौलाना साहेब, मशिदीच्या दोन देगी मिळाल्या तर काम होईल.”

देगी मशिदीच्या खोलीत होत्या आणि किल्ली माझ्या खिशात होती. परंतु मागच्या खेपेस कोणीतरी एक देग पोचा पाडून, तळ करपवून परत आणली होती. ते आठवले आणि मी म्हणालो, “कमिटीला विचारून सांगतो, चाचा.” वास्तविक कमिटीने तो निर्णय माझ्यावरच सोपवला होता. ते “बरं” म्हणून निघून गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना मला उमगले की, काही मिनिटांपूर्वी मी जे पठण केले ते माझ्याच विषयी होते.

या सूरहमध्ये अल्लाहने अनाथाला धक्के देणाऱ्याचा, गरिबाला अन्न देण्यास प्रवृत्त न करणाऱ्याचा आणि नमाजेविषयी बेपर्वा राहून दिखावा करणाऱ्यांचा उल्लेख केला आहे. त्या मालिकेत शेवटी येतात ते ‘माऊन’ रोखून धरणारे. काही विद्वानांनी ‘माऊन’चा अर्थ जकात असा घेतला आहे. परंतु हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांनी सांगितले आहे की, प्रेषितांच्या (स.) काळात आम्ही माऊन म्हणजे डोल आणि हंडी यांसारख्या वस्तू उसन्या देणे असे समजत असू. बंधूंनो, विचार करा. जे भांडे घरात पडून आहे, जे दिल्याने आपले काहीही कमी होत नाही, तेही ज्याच्या हातून सुटत नाही, त्याच्या नमाजेत काय उतरले आहे? खजिना देण्याची गोष्ट नाही. हंडी देण्याची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मी किल्ली घेऊन त्यांच्या दारी गेलो आणि कमिटीचे निमित्त खोटे होते हे सांगून माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, “देग मिळाली ना, झालं तर मग.”

तरीही एका मोठ्या भांड्याची उणीव होतीच. ती शेजारच्या मराठा कुटुंबांनी भरून काढली. गावकीची पातेली, पराती आणि सतरंज्या त्यांनी स्वतः बैलगाडीत घालून आणून दिल्या. ती भांडी त्यांच्या सप्ताहाच्या जेवणासाठी वापरली जातात, म्हणून आम्ही ठरवले की त्यांत मांस शिजवायचे नाही. साधा भात, डाळ आणि जर्दा त्यांत करायचा. हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. परंतु ज्याची वस्तू घ्यावी, त्याच्या मनाला न दुखवता ती वापरावी, हे उसनवारीच्या शिष्टाचारातच येते.

घरगुती वलीमा ही काही कमीपणाची बाब नव्हे. हिजरी सन 7 मध्ये खैबरहून परतताना प्रेषितांचा (स.) हजरत सफिय्या (रजि.) यांच्याशी निकाह झाला, तेव्हा वाटेतच वलीमा झाला. चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले. प्रेषितांनी (स.) सांगितले की ज्याच्याजवळ जे असेल ते त्याने आणावे. कोणी खजूर आणले, कोणी तूप, कोणी पनीर. ते एकत्र कालवले गेले आणि सर्वांनी खाल्ले. त्यात रोटी नव्हती, मांस नव्हते. सर्वांत श्रेष्ठ मानवाचा हा वलीमा दहा जणांनी आणलेल्या वस्तूंनी उभा राहिला. मग आपल्या अंगणातील वलीमा चार घरांच्या भांड्यांनी उभा राहिला, तर त्यात लाज कसली?

मात्र देणाऱ्याला जशी जबाबदारी आहे, तशीच घेणाऱ्यालाही आहे. माझा हात आखडला, त्याचे एक कारण कोणाची तरी निष्काळजी होती. उसनी घेतलेल्या वस्तूला फिकहच्या भाषेत ‘आरियत’ म्हणतात. हनफी मतानुसार ती घेणाऱ्याच्या हाती अमानत असते. त्याच्या हयगयीने किंवा गैरवापराने ती बिघडली तर भरपाई त्याच्यावर येते. शाफिई मत याहून कडक आहे. नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडली, तर नुकसानीची भरपाई द्यावीच लागते. एकदा प्रेषितांच्या (स.) घरी दुसऱ्या पत्नीकडून आलेला अन्नाचा वाडगा फुटला, तेव्हा त्यांनी फुटका वाडगा ठेवून घेतला आणि धड वाडगा परत पाठवला. हुनैनच्या वेळी त्यांनी सफवान इब्ने उमय्या यांची चिलखते भरपाईच्या हमीवर उसनी घेतली, तेव्हा सफवान अद्याप मुस्लिम झालेले नव्हते. पुढे काही चिलखते हरवली आणि भरपाई देऊ केली गेली, तेव्हा सफवान यांनी ती घेतली नाही. आता मन पूर्वीचे राहिले नाही, असे त्यांनी सांगितले. बिगरमुस्लिम शेजाऱ्याची परात वेळेवर, घासून-पुसून परत करणे ही किती मोठी दावत आहे, हे यावरून कळावे.

म्हणून देग घेताना आतून-बाहेरून पाहून घ्या. तांब्याची असेल तर कलई तपासा. कलई उडालेल्या भांड्यात दह्याचा मसाला कळकतो आणि पाहुण्यांच्या पोटाला अपाय होतो. परत करताना तळ घासून, सुकवून, झाकणासह, ठरल्या दिवशी पोहोचवा. पोचा पडला तर लपवू नका.

आणखी एक विनंती. इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मतानुसार, ज्या जंगम वस्तू वक्फ करण्याची लोकांत रूढी आहे, त्या वक्फ करता येतात, ‘हिदाया’मध्ये अशा वस्तूंत कुऱ्हाड, करवत आणि हंड्या यांची नावे आहेत. आपल्या प्रत्येक जमातीत दोन-चार देगी, झारे, पराती आणि दस्तरखान वक्फ असावेत. एक नोंदवही असावी. आणि किल्ली अशा माणसाकडे असावी, जो मागणाऱ्याला दोनदा फेरी मारायला लावणार नाही. मग एखाद्या बापाला केवळ भांड्यांपायी हॉलचे कर्ज काढावे लागणार नाही. आणि ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळले जाते त्याच्या अन्नाला प्रेषितांनी (स.) वाईट अन्न म्हटले आहे, हेही त्या देगीवर झाकण ठेवताना आठवावे.

हे अल्लाह, आमच्या नमाजा दिखाव्यापासून वाचव. आमच्या घरात जे पडून आहे ते गरजवंताच्या हाती देण्याची आम्हांला सद्बुद्धी दे, आणि जे आम्ही घेतले ते धड परत करण्याचा प्रामाणिकपणा दे. आमीन.