पाटी आणि पत

दुकानाच्या पाटीवर माणसाने किती पैसे घालावेत, हा प्रश्न आपल्या तत्त्वज्ञांनी का सोडून दिला कोण जाणे. आत्मा झाला, माया झाली, मोक्षही झाला. पाटी तेवढी राहिली. बहुधा त्या मंडळींपैकी कुणाचं दुकान नसावं. अस्मादिक पडले बी. कॉम., त्यातून बँकेतले कारकून. मोक्षाबद्दल आमचा सल्ला कुणी घेत नाही. पाटीबद्दल मात्र एकदा द्यावा लागला, आणि तो चुकला.

आमच्या शाखेत एकच पाटी खरोखर देखणी आहे. सागवानी लाकडाची, पितळी अक्षरांची, माझ्या काउंटरवरची. तिच्यावर लिहिलंय, ‘काउंटर बंद’. ही पाटी ठेवायला मला फार आवडतं. बाहेर दर्शनी भागात विजेची लांबलचक पाटी आहे, ‘आपल्या सेवेत सदैव’. आत शिरल्यावर संगणकाला चिकटवलेला कागद आहे, ‘सर्व्हर डाऊन’. तिन्ही पाट्या एका नजरेत येतात, पण ग्राहक सहनशील असतो.

तर एके दिवशी शाखेमागच्या गल्लीतल्या मावशी कर्जाचा अर्ज घेऊन आल्या. वीस वर्षं घरातून डबे देणाऱ्या बाई. आता पुढच्या खोलीत खानावळ काढायची होती. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज ‘शिशु’ गटात बसतं, त्यामुळे अठ्ठावन्न वर्षांच्या मावशी सरकारी हिशेबाने शिशु झाल्या होत्या. यादी चोख होती. शेगडी, पातेली, परात, मिक्सर, चार बाकडी. आणि शेवटी, ‘पाटी : रुपये ९,०००’.

मी लाल पेन्सिल काढली.

“मावशी, नऊ हजारांची पाटी? फ्लेक्स लावा की. संध्याकाळी सांगितलं की सकाळी हजर, वर तुमचा फोटोपण.”

“फोटो नको साहेब. पत्र्यावर रंगवलेली पायजे. चांगल्या अक्षरात.”

“पण लोक जेवायला येणार की वाचायला?”

मागे रांग हसली. मी खूश झालो. कारकुनाच्या आयुष्यात असे क्षण थोडे. मावशी हसल्या नाहीत. “उद्या या,” असं म्हणून मी पितळी अक्षरं पुढे सरकवली आणि जेवायला उठलो.

खरं म्हणजे कॉमर्सच्या दृष्टीने मीच चूक होतो. आम्हाला जमाखर्चात शिकवलं होतं, की पैसा आज जातो पण त्याचा फायदा पुढे काही वर्षं झिरपत राहतो, असाही एक खर्च असतो. त्याचं नाव डिफर्ड रेव्हेन्यू एक्स्पेंडिचर. नव्या धंद्याची मोठी जाहिरात हे त्याचं पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं उदाहरण. परीक्षेत मी ते लिहून मार्क मिळवले होते. पण परीक्षेतलं ज्ञान काउंटरवर आणायचं नसतं, हा आमचा अलिखित नियम.

संध्याकाळी कोटेशन खरं की फुगवलेलं हे बघायला पेंटरकडे गेलो. कोल्हापुरात ‘पेंटर’ हा नुसता धंदा नाही, किताब आहे. बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवणारे म्हणून ते पेंटर झाले, आणि पुढे सिनेमे काढले तरी पेंटरच राहिले. आमचे पेंटर इतके मोठे नव्हेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे ब्रश बरेचसे वाळत पडलेत. तरी त्यांनी मला स्टुलावर बसवून नऊ हजारांचा हिशेब दिला.

पत्रा आधी घासायचा. मग रेड ऑक्साईडचा हात, तो वाळला की वर रंगाचे दोन हात, प्रत्येक वेळी वाळायला वेळ. मग खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांना ताणून मधे चिमटीत धरून सोडायचा. टण्‌! रेघ उमटली. ती शिरोरेषा. “इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतंय साहेब, आपलं दोरीवर वाळत घातलेलं असतंय. वर वेलांटी, खाली उकार. दोन्हीकडं जागा सोडाय लागती.” अक्षराच्या उंचीचाही ढोबळ नियम आहे. दर दहा फुटांमागे एक इंच. पन्नास फुटांवरून स्कूटरवाल्याला वाचता यायचं तर पाच इंच, आणि आपल्या मात्रा-वेलांट्या धरून थोडं जास्तच. रंग कुठला? पिवळ्यावर काळा. रेल्वे स्टेशनवर गावाचं नाव तसंच लिहितात, कारण ते लांबून ठसठशीत दिसतं.

“मग एवढे पैसे लिहायचे?” मी विचारलं.

“लिहायचे कमी. न लिहायचे जास्त,” पेंटर म्हणाले. “गिऱ्हाईक वीस ओळी घेऊन येतंय. त्यातल्या सतरा खोडायला माझं निम्मं आयुष्य गेलं.”

पाटीवरच्या अक्षरांची काळजी आता कायदाही करतो. २०२२ सालच्या दुरुस्तीने महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि ही अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरलं. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमच्या रस्त्यावरची कितीतरी ‘फूटवेअर’ आणि ‘कलेक्शन’ घाईघाईने मराठी झाली. लिपी कुठली आणि अक्षर केवढं, हे कायदा सांगू शकतो. लिहिलंय ते खरं आहे का, हे तपासायला इन्स्पेक्टर येत नाही. ते ज्याचं त्याने बघायचं. आणि इथेच माझी पंचाईत होते, कारण पाटीबद्दलची माझी मतं वडिलोपार्जित आहेत.

आमचे अण्णा शिंपी. हातात जादू. त्यांनी शिवलेली विजार फाटायची ती कापडामुळे, शिवणीमुळे नाही. दुकानाला पाटी मात्र नव्हती. “चांगल्या कामाला पाटी लागत नाही,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य. समोरच्या शिंप्याने दुकानाला लंडनचं नाव दिलं होतं, आणि तो स्वतः मिरजेच्या पुढे गेला नव्हता. त्याच्याकडे बोट दाखवून अण्णा म्हणायचे, “पाटी म्हणजे खोटं बोलायला घेतलेलं लायसन.” एका पेंटरने दोन विजारींच्या शिलाईत पाटी रंगवून देतो म्हटलं, तर अण्णांनी त्याच्या विजारी फुकट शिवल्या आणि पाटी नको म्हणाले.

दुकानासमोर कडुलिंब होता. सगळं गाव अण्णांना ‘लिंबाखालचे शिंपी’ म्हणायचं. १९९७ साली रस्ता रुंद झाला आणि लिंब गेला. तोवर मला वाटायचं, गिऱ्हाईक अण्णांच्या नावावर येतं. ते लिंबाच्या खुणेवर येत होतं. लिंब दिसेना तशी माणसं दुकानासमोरून पुढे जायची, आणि लिंब कुठे गेला असं समोरच्या लंडनवाल्याला विचारायची. तो त्यांना बसवून चहा पाजायचा. अण्णा हे सगळं मशीनवर बसून बघायचे. मी म्हटलं, “अण्णा, आता तरी पाटी लावू या.” ते म्हणाले, “ज्याला यायचंय तो येईल.” दीड वर्षात दुकान बंद झालं.

अण्णांचा तो साधेपणा होता, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. आता वाटतं, तोही एक थाटच होता. ‘मला शोधत या’ ही न रंगवलेली पाटी त्यांनी जन्मभर लावली होती, आणि ती वाचायचं काम गिऱ्हाइकावर सोडलं होतं. लंडनवाला बढाई मारत होता हे खरं. पण तो निदान रस्त्यावरच्या माणसाला हाक तरी मारत होता.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. मी विचारलं, “पाटीचा एवढा आग्रह का?”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “साहेब, पाटी न्हाई तवर बरं असतंय. अंग दुखलं, डबा न्हाई. भाजी महागली, पातळ केली. कोण विचारणार? पण एकदा लिवलं की ‘ताजी भाकरी, दुपारी बारा ते तीन’, की मग बाराला तवा तापलाच पायजे. आणि फ्लेक्स काय, दोन पावसाळ्यात उडतंय. मग मीबी उडीन. मला माझं बांधून घ्यायचंय.”

पाटी लोकांना बोलवायला लावतात, अशी माझी समजूत. या बाईला ती स्वतःला दाव्याने बांधायला हवी होती, आणि त्यासाठी ती नऊ हजारांचं कर्ज व्याजासकट फेडायला तयार होती. पत म्हणजे काय, यावर आमच्या बँकेत परिपत्रकांची थप्पी आहे. एवढं सोपं तिच्यात कुठे सापडलं नाही. मी खोडरबर काढून लाल खूण पुसली आणि यादी साहेबांकडे पाठवली.

पाटी लागली. पिवळ्यावर काळी, तीन ओळी. मी तिथेच जेवतो. भाकरी ताजी असते. मागच्या महिन्यात एकदा दार बंद दिसलं. मनात म्हटलं, झालं, बांधलेलं सुटलं! जवळ गेलो तर दाराला पोराच्या शाळेतली पाटी टांगलेली. खडूने लिहिलं होतं, ‘ताप आलाय. माफ करा. उद्या बाराला.’

दुसऱ्या दिवशी बाराला तवा तापला होता.

जेवून काउंटरवर परत आलो. रांगेत सात माणसं उभी होती आणि त्यांच्यापुढे माझी सागवानी पाटी, पितळी अक्षरात. ती ठेवून मला पंचवीस मिनिटं झाली होती. जेवणाची सुट्टी कधीच संपली होती. पाटी खोटी नव्हती म्हणा. काउंटर बंदच होता.

ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. ड्रॉवर जरा आखूड आहे, पाटी नीट मावत नाही. सुताराला सांगायला हवं.