चौपटीचा हिशेब

कॅन्ससच्या माळरानावर वाऱ्याला अडवायला काही नाही. तिथल्या एका कुरणात हौशी रॉकेटवाले जमायचे. त्यांच्यातल्या एका निवृत्त वेल्डर आजोबांनी शाळकरी नातीला हाताशी घेऊन ‘सॅटर्न ५’ची एकास वीस प्रमाणातली प्रतिकृती उभी केली. मूळ रॉकेट ११० मीटर उंच, हे साडेपाच मीटर.

मूळ सॅटर्नच्या पहिल्या टप्प्यातली बाहेरची चार इंजिनं वळवता येत, त्यामुळे उडताना तोल सावरता येई. तळाचे पंख म्हणूनच इवलेसे. प्रतिकृतीची मोटर मात्र जागची हलत नाही, सगळी भिस्त त्या पंखांवर. गुरुत्वमध्य वर यावा म्हणून आजोबांनी नाकात शिसं भरलं. रॉकेट स्थिर झालं, पण जड झालं आणि उठायला मंद.

उड्डाणाच्या दिवशी वारा ताशी २४ किलोमीटर होता. नियमाची मर्यादा ३२. बाकीची सडपातळ रॉकेटं सटासट वर जात होती. आजोबांचे जुने सोबती लांबून आले होते, कॅमेरे सज्ज होते.

नात रॉकेटला निघताना सरळ धरणाऱ्या रेलपाशी हात उंच करून वाऱ्याचा वेग मोजत होती. यंत्राच्या वाट्या गरगरत होत्या. एक झोत आला आणि आकडा ३० वर गेला. तिने रेलच्या पायाला लावलेल्या चिकटपट्टीवर नजर टाकली. तिथे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : रेल सोडताना ताशी ६१.

“आजोबा, आज नको.”

“का गं? मर्यादेच्या आत आहे की!”

“मर्यादा सगळ्यांसाठी आहे. आपलं रॉकेट रेल सोडताना वाऱ्याच्या चौपट वेगात असायला हवं, हे तुम्हीच शिकवलंत. आपल्याला १५ च्या वरचा वारा झेपणार नाही.”

शेजारचे एक काका पुढे झाले. “पोरी, रेल थोडी कलती कर. वाऱ्याचा हिशेब होऊन जाईल.”

“काका, कल एकदाच देता येतो. झोत केव्हा येईल, कोण सांगणार?”

तिचं म्हणणं खरं होतं. मंद निघालेल्या रॉकेटच्या पंखांना वारा ढकलतो, शेपूट वाऱ्याबरोबर जाते आणि नाक वारा येतो त्या दिशेला वळतं. मग मोटर त्याला वर नेण्याऐवजी आडवं पळवते, आणि भर वेगात उघडलेलं पॅराशूट फाटतं. खाली माणसं उभी असतात. इतकं जड काही आकाशात सोडणाऱ्याने ही एक गोष्ट क्षणभरही विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

आजोबांनी चिकटपट्टी वाचली, यंत्र पाहिलं. सोबत्यांकडे वळून म्हणाले, “संध्याकाळी जमीन निवली की वारा पडेल, पण आकाश आपल्याला दुपारपर्यंतच मोकळं दिलंय. उतरवू या.”

कुणी हळहळलं, कुणी कॅमेरा मिटला. मोटरचे प्रज्वलक काढून चौघांनी रॉकेट आडवं केलं. तेवढ्यात ते काका आपल्या रॉकेटचं कार्ड घेऊन आले. त्यांचंही रॉकेट जड होतं, नंबर पुढचाच. कार्ड नातीपुढे धरून म्हणाले, “माझा आकडा काढून देतेस का?”

आकडा कमी पडला. काकांनी नाव मागे घेतलं.

पुढच्या महिन्यात भल्या पहाटे, वारा ८ वर असताना, सॅटर्न उडालं. शिखरावर छोटं पॅराशूट उघडलं, दोनशे मीटरवर मोठी तीन, आणि ते कुरणातच उतरलं. एक पंख तडकला होता, तो त्यांनी त्याच आठवड्यात बदलला.