ऐकणे आणि वाकणे



आपल्या मराठीत 'ऐकणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कानाने ऐकणे हा एक. दुसरा अर्थ घरोघरी रोज कानावर पडतो. "पोरगं ऐकत नाही," असे आई म्हणते तेव्हा पोराचे कान बिघडलेले नसतात. ते सांगितल्याप्रमाणे वागत नसते. चर्चच्या जुन्या लॅटिन भाषेतही आज्ञापालनाचा शब्द ऐकण्याच्या शब्दापासूनच तयार झाला आहे. देवाच्या हाकेला आज्ञाधारकपणे व नम्रतेने उत्तर देणे म्हणजे काय, याचा विचार आज आपण इथूनच सुरू करू.

पण आपल्या भागात या विषयावर बोलताना एक अडचण येते आणि ती झाकून चालणार नाही. आज्ञा आणि नम्रता हे शब्द आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी चर्चमध्ये येण्याआधीच ऐकले होते. गावकीची कामे फुकट करायची, वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, कमरेत वाकून जोहार घालायचा. याला गाव नम्रपणा म्हणत असे. जो तसे वागणार नाही तो माजला, असे ठरत असे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हे सोसले, त्यांना फादरांनी वेदीवरून 'नम्र व्हा' म्हणून सांगितले की मनात प्रश्न येणारच : पुन्हा वाकायलाच सांगता का? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

आविलाच्या संत तेरेजा यांच्या शिकवणुकीनुसार नम्रता म्हणजे सत्यात चालणे. माणसाविषयीच्या सत्याला दोन बाजू आहेत. आपण देवाने निर्माण केलेले आहोत. श्वास, बुद्धी, हातातले कसब, सारे त्याच्याकडून मिळालेले आहे. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की, देवाने आपल्याला स्वतःच्या प्रतिमेत घडवले आहे. पहिली बाजू विसरणारा गर्विष्ठ होतो. दुसरी विसरणारा लाचार होतो. दोघेही खोट्यातच जगतात. म्हणून जो स्वतःला तुच्छ समजतो तो नम्र झाला, असे म्हणता येत नाही. देवाच्या प्रतिमेला तुच्छ म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. भारतात जन्मलेले ते पहिले घोषित संत. तरुणपणी ते येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, लोकांना धर्मशिक्षण देऊ लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. पुढे ते व्यापारात पडले, पैसाही मिळवला. पण आतली हाक थांबली नाही. अखेर फिलिपाईन्समध्ये मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून.

एकदा नाकारले गेल्यावर देवाकडेच पाठ फिरवणे सोपे होते. गोन्सालोंनी तसे केले नाही. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानला पाठवले गेले, तेव्हा दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालोंनाही जाण्याची आज्ञा झाली आणि ते गेले. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर या मिशनरींचे म्हणणे मांडणारा आवाज या साध्या ब्रदरचा होता. दुभाषाचे काम मोठे शिकवणारे आहे. त्याला आधी नीट ऐकावे लागते, मग दुसऱ्याचे शब्द स्वतःची भर न घालता पोहोचवावे लागतात. आणि तरीही त्याने धीटपणे बोलल्याशिवाय काम होत नाही.

पुढे हिदेयोशीचा कोप झाला. अटक झाली, कानाची पाळी कापली गेली आणि ऐन हिवाळ्यात लांबची वाट चालवत नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवण्यात आले. त्यांत १७ जण सामान्य प्रापंचिक ख्रिस्ती होते, काही तर कोवळी मुले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत म्हणून घोषित केले.

आता विचार करा. वरिष्ठांनी पाठवले तिथे जाणारा हा आज्ञाधारक माणूस राज्यकर्त्याच्या धाकाला मात्र बधला नाही. ही विसंगती आहे का? मुळीच नाही. जो देवाचे ऐकायला शिकतो, तो प्रत्येक दांडग्यापुढे वाकत नाही. प्रेषित पेत्रानेही यरुशलेमच्या न्यायसभेत हेच सांगितले होते. संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात स्पष्ट लिहून गेले की, वरिष्ठाची आज्ञा देवाच्या आज्ञेविरुद्ध असेल तर ती पाळायची नसते. पवित्र मरियेनेही होकार देण्यापूर्वी देवदूताला 'हे कसे होईल?' असा प्रश्न विचारला होता आणि देवाने तो अपमान मानला नाही.

मग कोणी म्हणेल, "फादर, बरे झाले. आता मी कोणाचेच ऐकत नाही. माझा देव माझ्याशी बोलतो!" इथे सावध राहायला हवे. आपला अहंकारही देवाच्या आवाजात बोलतो. लहान शमुवेलाला हाक कोणाची हे तीन वेळा कळले नाही. म्हाताऱ्या एलीने सांगितल्यावर ते उमगले. एकट्याने हाक ओळखणे कठीण असते, म्हणून देवाने आपल्याला मंडळी दिली आहे.

ओळखण्यासाठी एक साधी कसोटी सुचवतो : या आज्ञेचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो? देवाची हाक आधी माझ्याकडून काही मागते, माझा वेळ, माझा राग, माझा मोठेपणा. माणसाची हुकूमत बहुधा दुबळ्याकडून मागते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे म्हणून बाप शिकणाऱ्या मुलीचे लग्न अठराच्या आत उरकायला निघतो आणि 'आईबापाचं ऐकावं, असं बायबल सांगतं' म्हणतो. भार कोणावर पडला? मुलीवर. इथे चौथ्या आज्ञेचा आधार घेता येणार नाही. वेळेवर दवाखान्यात न नेल्याने घरातले माणूस गेले आणि आपण 'देवाची इच्छा' म्हणालो, तर आपण देवावर आळ घेतला.

उलट बाजूही पाहा. चर्चमध्ये वाचनाला आपले नाव आले नाही, सणाच्या समितीत घेतले नाही, म्हणून कोणी चार-चार रविवार मिस्साला येत नाही. इथे गेला तो फक्त मान. अशा वेळी वसईच्या त्या तरुणाची आठवण ठेवावी. एक दार बंद झाले तरी हाक तशीच चालू असते.

पाचारण फक्त फादर-सिस्टरांना असते असे समजू नका. स्नानसंस्काराच्या दिवशी आपल्या प्रत्येकाला नावाने हाक मारली गेली आहे. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा तो वाकला खरा. पण कोणी वाकवले म्हणून नव्हे. प्रेमाने वाकणे आणि भीतीने वाकणे यांतला फरक नायगावच्या आपल्या घराघरांत मुलांना समजावून सांगा.

या आठवड्यात रोज रात्री प्रार्थनेनंतर पाच मिनिटे शांत बसा आणि स्वतःला विचारा : आज मी कोणाचे ऐकले? आणि का ऐकले?

प्रभू आपणां सर्वांना ऐकणारे कान आणि ताठ कणा देवो. आमेन.

आपला,
फादर