घोड्याला कळतं



घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतली कितीतरी मुलं पहिल्यांदा घोड्यावर बसतात ती माथेरानला. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे लाल मातीची वाट.

मूल खोगिरावर बसतं. भीतीनं लगाम ओढून धरतं. घोडा कान मागे पाडतो, मान झटकतो, जागीच थबकतो. घोडेवाला हलकेच म्हणतो, "बाळा, हात सैल सोड." मूठ सैलावते. अडलेला श्वास सुटतो. घोड्याचे कान पुढे येतात आणि तो चालू लागतो.

घोड्याला कळतं. अंगावर बसलेली माशीसुद्धा त्याला जाणवते. मग स्वाराची आखडलेली मांडी कशी जाणवणार नाही?

2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघानं ड्रेसेजमध्ये, म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोडा चालवण्याच्या खेळात, सुवर्णपदक जिंकलं. अश्वारोहणात 41 वर्षांनी आलेलं सोनं! त्या संघात मुंबईचे हृदय छेडा होते आणि त्यांचा घोडा एमराल्ड. या खेळात आरडाओरडा नसतो. बैठक जराशी सरकते, पोटरीचा हलका दाब पडतो. घोड्याला कळतं.

श्रोतेहो, घरात आपणही कधी लगाम ओढून धरतो. शब्द गोड असतात, मूठ मात्र आवळलेली. मुलांनाही ते कळतं. घोड्यापुढे स्वारालाच आधी शांत व्हावं लागतं, आणि हे त्याला घोडाच शिकवतो. रोज, न बोलता.

माथेरानच्या बाजारात मूल खाली उतरतं. मघाशी थरथरणारा हात आता घोड्याच्या मानेवरून फिरत असतो.