जूनने ठरवलेला सप्टेंबर

विषय सप्टेंबरचा आहे, पण आपण बसू जूनमध्ये. डोळे मिटायलाच हवेत असं नाही, नजर एका जागी स्थिरावली तरी पुरे. घाई कसलीच नाही. शिकारीचा मोसम अजून तीन महिने दूर आहे.

कोलोराडोतला एक डोंगरउतार मनात आणा. उंची अडीच-तीन हजार मीटर. वरच्या कड्यांना अजून बर्फ चिकटलेला, खाली तो वितळून गेलेला आणि ओल्या मातीतून नवं गवत वर आलेलं. सेजब्रशच्या राखाडी झुडपाआड एक पाडस निपचित पडलं आहे. कालच जन्मलं. वजन पंधरा किलोच्या आसपास, पाठीवर फिकट ठिपके, अंगाला गंध जवळजवळ नाहीच. त्याची आई, एल्क या मोठ्या हरणाची मादी, जरा लांब चरते आहे. तिच्या वासाच्या मागावर कोणी पाडसापर्यंत पोचू नये म्हणून लांब. ती खाते आहे ते वर्षातलं सगळ्यांत कोवळं, सगळ्यांत कसदार गवत. त्याचंच दूध होणार आहे.

आता हे पाडस मनातल्या मनात महिनाभर मागे सरकवून पाहा. मेच्या सुरुवातीला याच उतारावर बर्फाचे पट्टे आहेत, हिवाळ्याने आईची हाडं वर काढली आहेत, दूध यायला तिच्या पोटात काही नाही. पाडसाला परत जूनमध्ये आणा. आता महिनाभर पुढे न्या. जुलैत गवत राठ होऊ लागतं, आणि मोठा बर्फ पडेपर्यंत अंग धरायला त्या जिवाला फार तर चार महिने मिळतात. शिवाय जूनच्या आगेमागे दोन-तीन आठवड्यांतच बहुतेक पाडसं जन्मतात. अस्वलं आणि कोयोटी खाऊन खाऊन किती खातील? उशिरा आलेलं पाडस मात्र एकटंच सापडतं.

जन्माला यायची फट इतकी अरुंद आहे. ती नीट पाहून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यापासून उलटा चालतो. एल्कचा गर्भ सुमारे साडेआठ महिने वाढतो. जूनच्या पहिल्या आठवड्यातून तेवढे वजा करा, बोटांवर मोजलं तरी चालेल. सप्टेंबरचा उत्तरार्ध हाती लागतो. रॉकी पर्वतातले शिकारी वर्षभर ज्या आठवड्यांवर खूण करून ठेवतात, रजा साठवतात, तो माजाचा काळ हाच. तो ना नराने निवडलेला, ना शिकाऱ्याने. तो गवताने ठरवलेला आहे, आणि तेही अजून न उगवलेल्या.

मग जनावराला ही तारीख कळते कशी? थंडीने, असं पटकन वाटतं. थंडी मात्र बेभरवशाची, कधी ऑगस्टमध्येच येते, कधी ऑक्टोबर उजाडला तरी नाही. भरवशाचा असतो तो उजेड. चाळीस अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कोलोराडोच्या उत्तर भागात, सप्टेंबरच्या विषुवदिनाजवळ दिवस रोज अडीच मिनिटांहून थोडा जास्तच आखूड होतो. मुंबईत त्याच दिवसांत हा फरक मिनिटाच्या आसपास असतो, म्हणून आपल्याला तो जाणवतही नाही.

इथे एक करून पाहा. घड्याळ लावा आणि अडीच मिनिटं नुसते बसा. काही आठवू नका. एवढा उजेड कालच्या मानाने आज कमी आहे, आणि उद्या तेवढाच आणखी कमी असेल. बसून पाहिलं तर हा काळ वाटतो त्याहून बराच मोठा आहे. रात्र लांबते तसं डोळ्यांतून मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला कळतं, मेलॅटोनिन जास्त वेळ स्रवत राहतं, आणि त्या इशाऱ्यावर प्रजननाची संप्रेरकं जागी होतात. ऑगस्टमध्ये नराच्या शिंगांवरची मखमली कातडी सुकते. तो ती झाडांच्या खोडांवर घासून काढतो. खाली उघडी पडतात ती पक्की झालेली शिंगं, मोठ्या नराच्या डोक्यावर पंधरा-अठरा किलोंचा भार. मार्चच्या सुमाराला ही गळून पडतील आणि लगेच नवी फुटू लागतील.

आपल्याकडे हे असं एका तालावर चालत नाही. ताडोब्यात एकाच कळपात एक चितळ मखमलीतला, दुसरा कडक शिंगांचा, तिसरा नुकती शिंगं गाळलेला, असे तिघे एका नजरेत मावतात. उष्ण प्रदेशात वर्षाची दारं इतकी करकचून बंद होत नाहीत. उत्तरेकडच्या एल्कला ही चैन परवडत नाही.

आता सप्टेंबर आला असं समजा, आणि ऐका.

तीनशे किलोंचं धूड, पण त्याची हाक बारीक. खालच्या सुरात सुरू होते, चढत चढत शिट्टीवर जाते, तिथे ताणून धरली जाते आणि तुटते. मागोमाग घोगऱ्या हुंकारांची एक माळ. या हाकेत घशातली गर्जना आणि वरची शिट्टी दोन्ही एकाच वेळी निघतात, एका जनावराच्या तोंडून. डेन्व्हरकडची मराठी कुटुंबं गणपती आटोपले की एखाद्या संध्याकाळी एस्टेस पार्कला जातात ती हेच ऐकायला. तिथल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे आणि माजाच्या दिवसांत कुरणांवर संध्याकाळनंतर पाऊलही टाकू देत नाहीत. लोक रस्त्याच्या कडेला स्वेटर घालून उभे राहतात. या भागातले एल्क शिकारीने संपले होते. १९१३ आणि १९१४ मध्ये यलोस्टोनहून आणून सोडलेल्यांचा हा वंश.

शिकारी मात्र दरवर्षी एक तक्रार करतात. यंदा माज लांबला. उष्मा होता, हाक ऐकूच आली नाही, पौर्णिमा आडवी आली. या तक्रारीपाशी थोडं थांबा. तारीख उजेड ठरवतो आणि उजेड कोणत्याच वर्षी उशीर करत नाही. लांबलेलं असतं ते ऐकू येणं. हिवाळी केस अंगावर चढवलेला नर पंचवीस अंशांच्या दुपारी दाट सूचिपर्णी रानात सावलीला पडून राहतो आणि रात्री हाका घालतो. माणसांची फार वर्दळ झाली तर गप्पच होतो. रात्री डोंगरात सगळं ठरल्या तारखेला चाललेलं असतं आणि सकाळी तंबूतून बाहेर आलेला माणूस म्हणतो, अजून सुरूच झालं नाही. मला या तक्रारीचं हसू येतं, पण त्यात रागावण्यासारखं काही नाही. आपण जे ऐकलं नाही ते घडलंच नाही, हे मानण्यावर पुष्कळांचा संसार चालतो.

एव्हाना काही वाचकांनी मनात प्रश्न धरला असेल. शिकारीवर मनन कशाला? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हा विषय बंद झाला, आणि बरंच झालं. अमेरिकेत विषय वेगळ्या वळणाने गेला. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी मारता मारता एल्क संपायला आले होते. त्यांच्या वरच्या जबड्यातल्या दोन सुळ्यांना तर घड्याळाच्या साखळीत अडकवायला गिऱ्हाईक होतं, बाकी धड तिथेच टाकून देत. आज कोलोराडोत एल्कची संख्या अडीच लाखांच्या वर आहे. मधल्या काळात परवाने आले, मोसम आले, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लागला. हे पटवून घ्याच असा आग्रह नाही. बसल्या जागी शेजारी ठेवा, एवढंच.

परत उतारावर या. आता प्रश्न असा की कोणता आठवडा?

ऑगस्ट सरता सरता नर आपापल्या टोळक्यांतून सुटू लागतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोठा नर बहुधा एकटा असतो, माद्या शोधत हिंडतो. चिखलात लोळतो, स्वतःच्या मुताने अंग माखून घेतो, झाडं सोलतो. या दिवसांत मादीचा हलका आवाज काढला तर तो चालत येण्याची शक्यता असते. बरेचदा मुकाट्याने, एक हाकही न देता. मध्यावर जंगल गाजू लागतं. मग येतो ऐन भर, साधारण वीस तारखेच्या पुढचा. नवशिका याच दिवसांचं स्वप्न पाहतो, कारण आवाज इथे सर्वांत जास्त. आणि इथेच तो चकतो. त्या वेळी मोठ्या नराभोवती दहा-पंधरा माद्या जमलेल्या असतात आणि त्याची अवस्था लग्नघरातल्या वधूपित्यासारखी झालेली असते. खायला सवड नाही, बसायला सवड नाही, कोणी हाक मारली तर तो ओ देईल, पण येणार नाही. उलट माद्यांना हाकत दुसऱ्या खोऱ्यात नेईल. एकेक मादी माजावर राहते ती जेमतेम दिवसभर. त्या दिवसात चुकलं तर पुढची संधी तीन आठवड्यांनी. तो तुमच्याकडे कशाला येईल? कळप कुठे जातो तेही तो ठरवत नाही, एखादी वयस्क मादी ठरवते. जाणता शिकारी या आठवड्यात नराला बोलावणं सोडतो आणि वारा तोंडावर घेत कळपामागे चालतो.

वाऱ्याचं तेवढं मनात बसवून घ्या. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, तेव्हा माणसाने कळपाच्या खाली असावं. ऊन लागलं की हवा उलटी वर चढू लागते. त्याआधी आडव्या वाटेने वर निघून जावं लागतं. पालटण्याच्या त्या घटकेला वारा कुठलाच धड नसतो. तेव्हा हलू नये. महिन्याची निवड किती का अचूक असेना, घटका चुकली की सगळं संपलं.

या सगळ्यात मला अडकायला होतं ते एका ठिकाणी. जनावर वर्षाचे अकरा महिने इतकं सावध असतं की त्याच्या सावलीलाही पोचता येत नाही, आणि आपण त्याचं भान सुटण्याचे दिवस निवडतो. तोंडात पातळ पडदी धरून मादीचा आवाज काढतो. हे रास्त आहे का? कायद्याने याचं उत्तर हत्यारावर सोडलं आहे. कोलोराडोत २ ते ३० सप्टेंबर धनुष्यबाणाचे. मधले काही दिवस ठासणीच्या बंदुकीला. रायफल येते ती ऑक्टोबरच्या मध्याला, माज ओसरत आल्यावर. माँटानात तर आणखी उशिरा. ज्या दिवसांत जनावर भोळं असतं त्या दिवसांत माणसाला तीस-चाळीस मीटरांपर्यंत जावं लागतं. सव्यापसव्य आहे, पण मला ते प्रामाणिक वाटतं. ऑक्टोबरात रायफल घेऊन येणाऱ्याला गप्प, थकलेले, माजात पाचवा हिस्सा वजन घालवून रानाच्या पोटात एकटे दडलेले नर शोधावे लागतात.

आणि एक गोष्ट, जिच्यावर मी जास्त वेळ बसतो. ईशान्य ओरेगॉनमधल्या स्टार्की प्रायोगिक वनात वर्षानुवर्षं कुंपणातल्या एल्कवर अभ्यास झाला. एका प्रयोगात कळपाला आधी फक्त दीड वर्षांचे नर ठेवले आणि त्याच नरांना वर्षागणिक वाढू दिलं. नर पाच वर्षांचे झाले तेव्हा माद्या जवळपास दोन आठवडे आधी गाभण राहू लागल्या, आणि सगळ्या एकमेकींच्या जवळच्या तारखांना. म्हणजे उजेड वेळ सांगतो, पण ती पाळायला वयात आलेले नर लागतात. भल्या शिंगांच्या हव्यासाने डोंगरातले थोर नर वर्षामागून वर्षं उचलले, तर पाडसं उशिराच्या तारखांवर विखुरतात. शिकारी माज पाहून आपली वेळ ठरवतो, आणि हातात बाण असतो तेव्हा माजाचीही वेळ थोडी त्याच्या हातात असते. हे त्याला सहसा ठाऊक नसतं. कोटा ठरवणाऱ्या जीवशास्त्रज्ञांना असतं.

मग तुम्ही कोणता आठवडा घेणार? मन ठरवू लागलं असेल, ठरवू द्या. मी पहिला घेईन, आवाज कमी असला तरी. एकटा नर, मोकळा डोंगर, माणसं तुरळक.

पण त्या निवडीबरोबर ऊन येतं. संध्याकाळी सहाला, रस्त्यापासून दोन तासांवर, उबदार हवेत मोठा नर पडला असं धरा. त्याचं बिनहाडाचं मांस शंभर किलोंच्या घरात जातं. मागचा एक पाय हाडासकट पाठीवर घेतला तरी माणूस वाकतो. कातडी तातडीने उतरवली नाही तर मांडीच्या हाडालगतचं मांस रात्रीतच बिघडतं, आणि मांस वाया घालवणं तिथे गुन्हा आहे. म्हणून पुष्कळ जण दुपार टळल्यावर लांबच्या खोऱ्यात नर टप्प्यात आला तरी बाण सोडत नाहीत. तेव्हा पहिला आठवडा घ्यायचा असेल तर ओझं वाहायला दोन माणसं कोण येणार ते आत्ताच ठरवा, आणि बर्फाच्या पेट्या गाडीत चढल्या आहेत का ते निघण्याआधी स्वतः पाहून घ्या.