परदेशी सेवेचे एक वर्ष

आषाढी करून परतताना लातूरच्या स्टेशनावर आमचे एक जुने माळकरी स्नेही भेटले. मुलगा नुकताच बारावी झालेला. लातूरची बारावी म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको; घरदार दोन वर्षे श्वास रोखून बसते. स्नेही म्हणाले, "महाराज, पोरगं म्हणतंय, डॉक्टरकीचं मागून बघू. आधी वर्षभर आफ्रिकेत जाऊन अनाथ लेकरांची सेवा करतो. नेणारी संस्था त्याचे पैसे मागतीय, त्याचं काही नाही. पण सेवेला नको कसं म्हणावं?"

आम्हीही अडलो. दूर जाणे वाईट म्हणावे, तर नामदेवराय पंजाबात गेले. त्यांची 61 पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. पण मनात एकदम किल्लारी आली.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती, आणि चारच्या सुमारास धरणी हलली. गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. मदतीस देशोदेशीचे लोक धावले, त्यांचे उपकार आहेतच. आम्ही त्या वेळी महिनाभर तेथे होतो. एक चार वर्षांची पोर शहरातून आलेल्या एका तरुणाच्या गळ्यात पडूनच झोपायची. तरुण मनाने निर्मळ होता. त्याची सुटी संपली, तो गेला. त्यानंतर कोणी नवा माणूस जवळ आला, की ती पोर आधी त्याच्या पिशवीकडे पाहायची. पिशवी भरलेली आहे का, एवढेच.

इंग्लंडात 1958 साली अलेक डिक्सन नावाच्या गृहस्थांनी शाळा संपलेली मुले वर्षभर परमुलखात सेवेस पाठविण्याची संस्था काढली. थोड्याच वर्षांत तिला पदवीधर आणि हातात कसब असलेले लोक धाडावे लागले. नुसत्या उमेदीने विहीर बांधली जात नाही, तिला गवंडी लागतो.

मग कोवळ्या मुलाने सेवाच करू नये काय? नांदेडला सचखंड हुजूर साहिबला जाऊन पाहावे. पंजाबातली, विलायतेत वाढलेली पोरे लंगरात भांडी घासतात, यात्रेकरूंचे जोडे सांभाळतात. ती आली म्हणून लंगर सुरू होत नाही, गेली म्हणून थांबत नाही. ताटाला आठवण राहत नाही, लेकराला राहते. आमच्या मते फरक आहे तो एवढाच, पण थोडका नाही.

हे सारे आम्ही मुलाला घरी जाऊन सांगितले. तो जरा तापलाच. म्हणाला, "तुम्ही तीन आठवडे पंढरीला चालता, त्यानं कुणाचं पोट भरतं?" टोला बरोबर बसला. आम्ही म्हटले, "बाबा, कुणाचंच नाही. आम्ही आमच्यासाठीच चालतो, आणि तसंच सांगतो. तुला जग बघायचं असेल, तर बघायला जातो म्हण. आम्ही बापाला समजावू. पण मग लेकरांच्या घरी उतरू नकोस."

मुलगा बराच वेळ गप्प बसला. पुढे आठ दिवसांनी स्नेह्यांचा फोन आला. मुलाने त्या संस्थेला लिहून विचारले आहे, की आपण परतल्यावर त्या लेकरांजवळ कोण राहणार. उत्तर अजून आलेले नाही.