दोष असणं, दोष देणं

आमच्या काटोलकडे ‘फॉल्ट’ हा शब्द शाळेतून आला नाही, विजेच्या तारेवरून आला. रात्री ओलिताच्या वेळी लाईन गेली की शेजारच्या वावरातून हाक येते, “फॉल्ट आला वाटते गा!” मग लाईनमन खांबामागून खांब पाहत जातो, तुटकी जागा शोधतो, जोडतो, आणि लोक मोटर सुरू करून आपल्या कामाला लागतात. फॉल्ट कुठं आहे एवढंच सगळे विचारतात. तो कोणाचा आहे, हे कोणी विचारत नाही.

मी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. ‘फॉल्ट’चा हा अर्थ आणि ‘इट इज युवर फॉल्ट’मधला अर्थ, दोन्ही फळ्यावर लिहून दिले. पण त्या दोहोंत किती अंतर आहे, ते मला कळलं रिटायर झाल्यावर, एका संत्र्याच्या बागेत.

2013 चा पावसाळा सरला होता. त्या वर्षी पाण्यानं उसंत दिली नव्हती. गावातला माझा एक जुना विद्यार्थी प्लास्टिकच्या पिशवीत झाडाची साल घेऊन आला. साल चिरलेली, तिच्यावर तांबूस डिंकाचे गोळे.

“सर, नर्सरीवाल्यावर केस टाकाची आहे. इंग्रजीत अर्ज लिहून द्या. इंग्रजीचं वजन पडते.”

सव्वादोन एकरात वीस-वीस फुटांवर त्यानं अडीचशे कलमं लावली होती. पाच वर्षं लेकरासारखी वाढवली. पहिला आंबिया बहार धरायचा, तेव्हाच पानं पिवळी पडू लागली. मग फळं गळाली, मग झाडं बुडापासून डिंक ओकू लागली. आमच्याकडे या रोगाला डिंक्या म्हणतात. जमिनीतली बुरशी ओल्या बुडातून सालीत शिरते आणि झाड आतल्या आत वाळत जातं. साठ-सत्तर झाडं तेव्हाच गेली होती.

अर्ज लिहायचा तर बाग पाहिली पाहिजे म्हणून मी गेलो. माझीही थोडी संत्री आहेत, म्हणून झाडाशी बसल्यावर गोष्टी दिसू लागल्या. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तो जमिनीपासून चांगला वीतभर वर असावा लागतो. जंबेरी थोडीफार तग धरते, वरचं संत्रं ओल सोसत नाही. इथं डोळा चार बोटांवर बांधला होता. ही कलमाची खोट. आणि लावताना यानं खड्डा खोल घेतला, माती चढवली, तो बुटका जोडही जमिनीत गेला. ही याची चूक. पाणी पाटानं थेट बुडाशी सोडलं. दुहेरी आळं करून खोड कोरडं ठेवायचं असतं, ते केलं नाही. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, असं बोर्डो मलम पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला लावावं लागतं. दोन वर्षं लावलं, मग राहून गेलं. ही हयगय. वावर भारी काळं, पाणी मुरायला वाट नाही. ही जमिनीची उणीव. वरून असा पाऊस. त्याला तर कोणतंच नाव देता येत नाही.

कागद घेऊन बसलो तर इंग्रजी शब्दांनी घेरलं. डिफेक्ट, फ्लॉ, फॉल्ट, मिस्टेक, नेग्लिजन्स, ब्लेम, गिल्ट. शाळेत यांना ‘समानार्थी’ म्हणून एका ओळीत बसवून मी कितीतरी पोरांना मार्क दिले होते. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दोषाला ‘डिफेक्ट’ म्हटलं होतं, आणि त्याची व्याख्या करताना ‘फॉल्ट’ हा शब्दही आत घेतला होता. बियाणं विकत घेणारा शेतकरी हाही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली मान्य केलं होतं. त्यामुळे कलमाला ‘डिफेक्ट’ लिहिलं की काम होत होतं. पण ‘डिफेक्ट’ वस्तूत असतो, ‘मिस्टेक’ हातून होते, ‘नेग्लिजन्स’ न केलेल्या कामात असतो. मी तिन्ही लिहिले. कलम बुटकं बांधलेलं होतं हेही, आणि आम्ही ते खोल लावलं हेही.

विद्यार्थी नाराज झाला. “सर, आपली चूक आपण काऊन लिहाची?”

“तो साहेब येऊन बुड उकरून पाहील. त्याले दिसंल ते आपणच आधी सांगतलं तर बाकीचंही खरं वाटंल.”

त्याची बायको ओट्यावर चहा घेऊन आली होती. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. ती आली त्याच वैशाखात पहिलं झाड वाळलं. तेव्हापासून घरात एकच वाक्य चालू होतं, सुनेचा पायगुण. सासू विहिरीवर म्हणे, बायका ऐकत. माझ्या घरापर्यंत ते आलं होतं.

कप ठेवून ती उभीच राहिली. मग नवऱ्याला नाही, मला विचारलं, “सर, त्या कागदात कोणाकोणाचं लिहिलं?”

मी सांगितलं. नर्सरीचं, तुमच्या लावणीचं, पाण्याचं, जमिनीचं.

“म्हंजे माझं नाई.”

“नाही, पोरी.”

“मंग ते मराठीत लिहून आईले वाचून दाखवा.”

रात्री बसून मराठी केलं. थकलो होतो, झरझर लिहीत गेलो. कलमाचा दोष, लावणीचा दोष, पाण्याचा दोष, जमिनीचा दोष. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून वाचलं. म्हातारी लसूण सोलत ऐकत होती. वाचून झालं तशी म्हणाली, “तेच तं म्हंतो मी, मास्तर. दोषच आहे काहीतरी. ग्रहाचा असो, पायाचा असो.”

आणि मी तिथंच अडलो. तिला मी चार दोष वाचून दाखवले होते, तिनं पाचवा त्यांच्याच रांगेत बसवला. जागा मीच करून दिली होती.

आपल्या भाषेत दोष ‘असतो’ आणि दोष ‘देतात’. असणारा शोधावा लागतो, वाकून बुड उकरावं लागतं. देणारा नुसता द्यायचा असतो, त्याला उकरावं काहीच लागत नाही. शब्द एकच असल्यामुळे दिलेला दोष दोन-चार महिन्यांत असलेल्या दोषासारखा दिसू लागतो. आणि दिला जातो तो बहुतेक सगळ्यांत उशिरा घरात आलेल्या, सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाला.

इंग्रजी शहाणी आणि मराठी अडाणी, असं मात्र नाही. ‘फॉल्ट’ही दोन्ही कामं करतोच. आणि आपल्याकडे खोट आहे, उणीव आहे, चूक, हयगय, अपराध, ठपका, बोल, सगळे आहेत. आळस माझा होता. मी कागद उलटा ठेवला आणि तोंडानंच सांगितलं.

“वहिनी, कलमात खोट होती. पोराची चूक झाली. मलम लावायची हयगय झाली. वावरात निचऱ्याची उणीव आहे. आन् सुनेले तुम्ही बोल लावला. तिच्या पायात खोट नाही, तिच्या हातून चूक नाही. कलमं लागली तवा ती या गावात तरी होती का?”

म्हातारी काही बोलली नाही. सालपटं पदरात गोळा करून आत गेली.

पुढे नर्सरीवाल्याशी तडजोड झाली, थोडी नवी कलमं मिळाली. ती लावताना सासूनंच आवाज दिला, “वीत धरून पाह्य वं, डोळा वर राह्यला का?” सून वाकून मोजत होती. पायगुणाचा शब्द म्हातारीनं मागे घेतला नाही. पण पुन्हा उच्चारल्याचंही मी ऐकलं नाही.

एक शब्द माझ्यासाठी उरला. ते वाक्य दीड वर्ष माझ्या कानावर येत होतं. मला डिंक्या माहीत होता, बुड उकरून पाहता येत होतं, आणि माझं घर तिथून दोनशे पावलांवर. मी म्हणत होतो, दुसऱ्याच्या घरातलं आपण काय बोलावं. माझी नात पुण्याला असते, उठता-बसता “गिल्टी वाटतं” म्हणते, आईस्क्रीम खाल्लं तरी. माझ्या गप्प बसण्याला मी उणीव म्हणून पाहिलं, स्वभाव म्हणून पाहिलं, चूकही म्हणून पाहिलं. चूक नकळत होते. मला कळत होतं. तेव्हा तो अपराध. तो मला कोणी दिलेला नाही, माझाच आहे.